पॉज दाबून ऐका

माझी उमेदवारी रेडिओ आणि कॅसेट डेकच्या दुरुस्तीत गेली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची जी दाटी आहे, तिथल्या एका जिन्यावरच्या खोलीत बसून मी ॲम्प्लिफायर उघडायला शिकलो आणि पुढे तोच धंदा झाला. त्या काळी गिऱ्हाइकाची तक्रार सरळ असायची. आवाज फाटतो, एक बाजू बंद आहे, बटण फिरवलं की खरखरतं. बिघाड पेटीत आणि पेटी माझ्या टेबलावर. कपॅसिटर बदला, सोल्डर ताजं करा, पैसे घ्या.

मग हळूहळू तक्रार बदलली. माणूस यायचा तो नवीकोरी पेटी घेऊन. "गाणी सगळी हार्ड डिस्कवर आहेत, डॅक चांगला घेतलाय, स्पीकर तर मुंबईहून आणलेत. पण मागे सारखं काहीतरी घुं करतं हो." डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारी डबी. ती डबी आणि ॲम्प मी माझ्या टेबलावर जोडायचो, तर दोन्ही चिडीचूप. गिऱ्हाईक ओशाळून घरी जायचं आणि संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "परत सुरू झालं." बिघाड पेटीत नव्हताच, घरात होता. मग मी हत्यारांची पिशवी घेऊन लोकांच्या घरी जाऊ लागलो. आता माझं निम्म्याहून जास्त काम दिवाणखान्यांत चालतं, टीव्हीच्या मागच्या धुळीत, टॉर्च तोंडात धरून.

बोलावणारे बहुतेक गाण्याचे वेडे. निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर, एखादे प्राध्यापक. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांची तासन्‌तासांची ध्वनिमुद्रणं त्यांनी आयुष्यभर जमवलेली असतात आणि निवृत्तीनंतर ती नीट ऐकायची म्हणून पैसे घातलेले असतात. या मंडळींचे कान तयार असतात. माझ्या मीटरला दिसत नाही ते त्यांना ऐकू येतं, असं मी म्हणणार नाही. पण मीटरला जे दिसतं आणि एरवी कुणी सोडून देईल, ते त्यांना नक्की खुपतं.

कॅसेटच्या जमान्यात ही घुंघुं नव्हती असं नाही. टेपची स्वतःची सळसळच इतकी असायची की बाकीचं तिच्याखाली झाकलं जायचं. 1982 मध्ये सीडी बाजारात आली आणि ती सळसळ गेली. सीडीवरचा आवाज 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांचा. घरगुती डॅक पूर्ण आवाजाला साधारण 2 व्होल्ट देतो. या हिशोबाने एक पायरी पडते सुमारे 86 मायक्रोव्होल्टची. आता ॲम्पकडे जाणाऱ्या केबलमध्ये कुठून तरी एकच मिलिव्होल्ट भलता येऊन मिसळला, की शेवटच्या दहा-अकरा पायऱ्या बुडाल्या. मैफलीतलं सगळ्यात हळुवार जे असतं ते नेमकं तिथे असतं. आलापाआधीचा श्वास, तानपुऱ्याच्या तारेचं विरत जाणं, मागच्या रांगेतली कुणाची तरी पुटपुटती दाद.

आणि दुसऱ्या बाजूने घरातली वीज गढूळ होत गेली. पूर्वी विजेत गोंगाट करणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या. ट्यूबलाइटचा चोक, मिक्सर, फ्रिज चालू-बंद होताना येणारा टक्क आवाज. आता प्रत्येक कोपऱ्यात एक स्विचिंग अडॅप्टर आहे. तो वीज सेकंदाला हजारो वेळा, पुष्कळदा लाख वेळाही, तोडून-जोडून हवा तो व्होल्टेज बनवतो. हलका, स्वस्त, फारसा न तापणारा. राउटर, सेटटॉप बॉक्स, एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, रिमोटवर चालणारा पंखा, सगळ्यांच्या पोटात हाच. चांगल्या अडॅप्टरमध्ये हा कचरा बाहेर पडू नये म्हणून फिल्टर असतो. स्वस्तात बनवायचा म्हटला की पहिली काट त्या फिल्टरला लागते.

एखाद्या घरी गेलो की मी आधी ऐकतो. मंडळींना वाटतं हा आता मीटर काढेल, वायरी उपटेल. मी त्यांना गाणं लावायला सांगतो आणि मग पॉज दाबायला सांगतो. पॉज दाबल्यावरही घुंघुं राहिली तर ती घराची. गाण्याबरोबर थांबली तर ती ध्वनिमुद्रणातच आहे आणि तिच्यासाठी मला बोलावण्याचं कारण नव्हतं. (काही डॅक पॉजवर स्वतःच तोंड मिटतात, म्हणून निव्वळ शांततेची एक फाइल मी पेन ड्राइव्हवर बरोबर ठेवतो.) इतकी साधी परीक्षा, पण हजारो रुपयांच्या वस्तू मागवण्याआधी ती कुणी केलेली नसते.

मग त्या घुंघुंचा सूर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. घरातल्या वायरिंगच्या वळशातून आलेली घुंघुं मुळात 50 ची असते, जाड आणि पोटात जाणवणारी. ॲम्पच्या आतला फिल्टर कपॅसिटर सुकला की येते ती 100 ची, कारण रेक्टिफायर लहरीचे दोन्ही अर्धे भाग एकाच बाजूला वळवतो. ही जरा तिखट लागते. दोन्हींतला फरक एकदा कानात बसला की निम्मं निदान दारातच होतं.

हार्मोनियमवर पाहिलं तर 100 हर्ट्झ हा पांढरी पाचच्या जरा वर चढलेला सूर आहे. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या षड्जाला आपली वीज तीव्र मध्यम लावते, तोही चढा. यमन चालू असेल तर एक वेळ निभतं. मालकंस असेल तर बसवत नाही. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचं याहून अवघड. त्यांचा षड्ज 196 हर्ट्झच्या आसपास आणि घुंघुंचा वरचा सूर 200 वर, त्यामुळे दोहोंत सेकंदाला चार हेलकावे पडतात. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी मला बोलावलं ते "तानपुरा डुलतो" म्हणून. मोबाइलमधला तानपुरा त्या ॲम्पवरून स्पीकरवर लावत. आधी त्यांनी ॲप बदललं, मग केबल, मग स्पीकर. शिष्यांना वाटलं बाईंचा कान हळवा झालाय. कान अगदी जागेवर होता. मी ॲम्पमधले दोन मोठे कपॅसिटर बदलले आणि तानपुरा डुलायचा थांबला.

निदानाची दिशाही महत्त्वाची. लोक संगणकापासून सुरुवात करतात. मी स्पीकरकडून भिंतीकडे जातो. ॲम्पच्या इनपुटला आतून शॉर्ट केलेली पिन लावायची. अशी पिन पाच मिनिटांत सोल्डर करून होते. तरी आवाज येत असेल तर दोष ॲम्पमध्ये. गेला तर एक पाऊल मागे, डॅक जोडा, त्याला संगणक लावू नका. असं एकेक करत जेव्हा घुंघुं पुन्हा अवतरते, तेव्हा शेवटी जोडलेल्या वस्तूपाशी थांबायचं. ती वस्तू दोषी असेलच असं नाही. बहुतेक वेळा दोन चांगल्या वस्तू एकमेकींना जोडल्यामुळे विजेला फिरायला एक वर्तुळ मिळालेलं असतं. साध्या आरसीए केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण हेच सिग्नलचा परतीचा रस्ता असतं आणि दोन पेट्यांची ग्राउंडही त्यानेच जोडलेली असतात. दोन पेट्या दोन वेगळ्या सॉकेटांवर असल्या की त्यांच्या ग्राउंडमध्ये थोडा फरक असतो, त्या फरकामुळे प्रवाह त्या जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. म्हणून माझा पहिला उपाय कायम तोच, आणि फुकटचा. संगणक, डॅक, ॲम्प सगळं एकाच अर्थिंगवाल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. निम्म्या घरांत मी एवढंच करून चहा पिऊन परत आलो आहे.

उरलेल्या निम्म्यांत लॅपटॉप भेटतो. आयटीतल्या एका तरुणाने फोनवर सांगितलं, "काका, माउस हलवला की स्पीकरमधून चिर्र येतं." बायकोचा विश्वास बसत नव्हता, माझा बसला. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन माहितीच्या, एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. माहिती शाबूत पोचते, तिला काही होत नाही. पण ग्राउंडच्या तारेवरून संगणकाच्या पोटातली सगळी खळबळ डॅककडे आणि तिथून ॲम्पकडे जाते. साधी यूएसबी सेकंदाला हजार वेळा हजेरी घेते, वेगवान असली तर आठ हजार वेळा. म्हणून त्या चिर्रमध्ये 1 किंवा 8 किलोहर्ट्झची बारीक शिट्टी मिसळलेली असते. मी त्याच्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. बॅटरीवर गेल्याबरोबर वर्तुळ तुटलं आणि खोली शांत झाली. त्याने पिन घातली, काढली, पुन्हा घातली, आणि बायकोला हाक मारली.

तिथे यूएसबी आयसोलेटर लावला. माहिती पुढे जाते, ग्राउंड तुटतं. बाजारात याच्याभोवती पुष्कळ भोंदूगिरी आहे, म्हणून एक स्पष्ट सांगतो. आयसोलेटरने "डेटा स्वच्छ" होत नाही, तो आधीही स्वच्छच होता. आकडे एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत, आणि पोचले नाहीत तर टक्‌टक् ऐकू येतं, खर्ज पातळ होत नाही. महागड्या यूएसबी केबलने गंधार गोड झाला असं कुणी सांगितलं तर मी वाद घालत नाही, पण बिलात ती केबल लिहीत नाही. विजेचा गोंगाट डॅकच्या पुढे, म्हणजे आवाजाची पुन्हा लहर झाल्यावर तिच्यात शिरतो. खर्च करायचाच तर तो रस्ता बंद करण्यावर करावा.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवला की झिणझिण्या येतात, हे पुष्कळांनी अनुभवलं असेल. टेस्टर लावला तर दिवाही उजळतो आणि माणूस घाबरतो. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर विजेच्या बाजूकडून ग्राउंडच्या बाजूला जोडलेला असतो, त्यातून अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह पाझरतो. माणसाला धोका नाही. गाण्याला मात्र आहे, कारण त्या प्रवाहाला जमिनीकडे जायला तुमची ऑडिओ केबल हाच सोयीचा रस्ता सापडतो.

केबल टीव्हीची गोष्ट थोडक्यात. होम थिएटरला घुंघुं, आणि ती फक्त सेटटॉप बॉक्स जोडला की. केबलवाल्याची जाड वायर गच्चीवरून, कुठल्या तरी दुसऱ्याच ग्राउंडला चिकटून येते. टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली की विषय मिटतो. ही केबल तोशिबाने 1983 मध्ये सीडी प्लेअरसाठी काढली. तिच्यातून फक्त लाल प्रकाश जातो, त्यामुळे विजेचं वर्तुळ होऊच शकत नाही. नेटवर्कवरून गाणी ऐकणाऱ्यांनाही एक सांगतो. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे साधी प्लास्टिक टोकांची केबल दोन पेट्यांची ग्राउंड वेगळीच ठेवते. धातूच्या टोकांची, जाड आवरणाची भारी केबल ती पुन्हा जोडून देते. पैसे वाचवलेला माणूस इथे सुखी असतो.

माझ्या पिशवीतलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. मीडियम वेव्ह लावायची, पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर सापडतं, तिथून थोडं बाजूला, जिथे काही लागत नाही तिथे सुई नेऊन आवाज वाढवायचा आणि घरभर फिरायचं. जिथे रेडिओ किंचाळतो तिथे चोर आहे. स्वयंपाकघरातल्या एलईडी पट्टीपाशी, मुलाच्या खोलीतल्या स्वस्त चार्जरपाशी, जिन्यातल्या दिव्यापाशी. आजोबा मंडळींना हे फार आवडतं. ती माझ्यामागून फिरतात आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा रेडिओ घेऊन सोसायटीत फिरू लागतात. एकांनी तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना नवा दिवा विकत आणून दिला.

पंख्याचे रेग्युलेटर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. जुन्या घरांत भिंतीवर काळी, गरम होणारी पेटी असायची. तिच्यात नुसती तार गुंडाळलेली, वीज वाया जायची पण गोंगाट शून्य. मग आला गोल फिरवायचा सुबक रेग्युलेटर. त्याच्या आतला ट्रायॅक प्रत्येक लहर अध्येमध्ये कापतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्या कापाच्या धारेतून गोंगाट थेट मीडियम वेव्हपर्यंत उसळतो. पंखा फुल असताना शांत, दोनवर आणला की खरखर, असं कुणी सांगितलं की मी बाकी काही न पाहता पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर घेऊन जातो. दोनशे-तीनशे रुपयांचं काम. याच घरात कुणीतरी "पॉवर कंडिशनर" नावाची पेटी घ्यायला सांगून गेलेला असतो.

महागड्या पॉवर केबलचाही एक अनुभव आहे. एका डॉक्टरांनी ती घेतली, आणि आवाज खरोखर सुधारला, असं शपथेवर सांगितलं. मी हसलो नाही. जाऊन पाहिलं. जुनी केबल लावली की अधूनमधून कुरकुर यायची, नवी लावली की नाही. दोष सॉकेटच्या सैल झालेल्या पट्ट्यांचा होता. नव्या केबलची पिन थोडी जाड, म्हणून घट्ट बसायची. सॉकेट बदललं, जुनी केबल लावली, आणि त्यांच्या पत्नीने त्यांना न सांगता दोन्ही केबली आलटून-पालटून लावल्या. डॉक्टरांना फरक सांगता आला नाही. केबल त्यांनी परत केली नाही, दिसायला सुंदर होती.

काही वेळा गोंगाट स्पीकरमध्ये नसतोच. औंधमधल्या एका फ्लॅटमध्ये ॲम्पची पेटीच सकाळी ठरलेल्या वेळी गुरगुरायची, स्पीकर काढून ठेवले तरी. सुनेचा हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर चालू असायचा तेव्हाच. अशा ड्रायरमध्ये अर्ध्या वेगासाठी एक डायोड असतो, तो लहरीचा एकच अर्धा भाग ओढतो, विजेत किंचित डीसी शिरतं आणि मोठा गोल ट्रान्सफॉर्मर त्या डीसीने कण्हू लागतो. डीसी अडवणारं छोटं सर्किट ॲम्पच्या आधी बसवलं. सासऱ्यांनी सुनेला काही बोलू नये एवढीच माझी अट होती.

आता अर्थिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे प्रश्न गाण्याचा राहत नाही.

घुंघुं घालवण्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय लोक स्वतःच शोधून काढतात. थ्री पिनची वरची जाड पिन कापायची, किंवा मधे दोन पिनांचा तुकडा लावायचा. वर्तुळ तुटतं, घुंघुं थांबते, माणूस खूश होतो. पण ती पिन ॲम्पच्या धातूच्या पेटीला जमिनीशी जोडून ठेवते. उद्या आतली एखादी तार सुटून पेटीला चिकटली तर फ्यूज उडायला हवा. तो उडणार नाही, पेटी 230 व्होल्टवर शांत बसून राहील आणि कुणीतरी आवाज वाढवायला हात लावेल. कोथरूडमधल्या एका घरी अशी कापलेली पिन सापडली. मी नवी टोपी बसवून दिली आणि सांगितलं, ही राहणार असेल तर मी पुढचं काम करीन. गृहस्थ नाराज झाले. घुंघुं परत आली होती. ती एकाच बोर्डवर सगळं घेतल्यावर आणि डॅकला ऑप्टिकल जोडल्यावर गेली, पिन शाबूत ठेवून.

पेठेतल्या वाड्यांची गोष्ट निराळी. तिथे मूळ वायरिंग दोन तारांचं, अर्थची तारच नाही. थ्री पिनच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेचं. एका वाड्यात तर ते भोक न्यूट्रललाच जोडून ठेवलेलं होतं. टेस्टरला, मीटरला सगळं ठीक दिसतं. पण जिन्यातला न्यूट्रल कधी तुटला, तर घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूच्या अंगावर वीज येईल. त्या घरी मी गाण्याचं काम केलंच नाही. परवानाधारक वायरमनला बोलावलं, अर्थची नवी तार खालपर्यंत नेली, आरसीसीबी बसवला. 30 मिलिअँपिअर गळती झाली की तो वीज तोडतो. हे सगळं झाल्यावर मालक म्हणाले, "घुंघुं पण कमी झाली की." होणारच होती.

उलट टोकही पाहिलं आहे. बंगल्यात राहणाऱ्या एका श्रीमंत रसिकांना कुणी विक्रेत्याने "ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थिंग" करायला लावलं. बागेत नवा खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं शास्त्रशुद्ध. फक्त हा खड्डा घराच्या मूळ अर्थिंगला जोडलेला नव्हता. काही महिने त्यांना ते शांत वाटलंही. मग जूनच्या पहिल्या पावसात जवळच कुठे तरी वीज पडली. वीज पडते तेव्हा जमिनीतल्या दोन बिंदूंमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक तयार होतो. एक खड्डा ॲम्पकडे, दुसरा राउटर आणि टीव्हीकडे, आणि दोघांना जोडणारी एकच गोष्ट, ऑडिओच्या केबली. डॅक गेला, नेटवर्कची पेटी गेली, टीव्हीचा एक पोर्ट गेला. दोन खड्डे असायला हरकत नाही, पण ते जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. मी तेवढंच करवून घेतलं, आणि उन्हाळ्यात दोन्हींत पाणी घालायला माळ्याला सांगितलं. कोरड्या मुरुमात अर्थिंग नावालाच उरतं.

या धंद्यात मी शेवटी जे शिकलो ते गोंगाट काढण्याचं नव्हतं. एका वयस्कर संग्राहकांनी खासगी मैफलींच्या स्पूल टेप संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि त्यातली घुंघुं मला काढायला सांगितली. पॉज दाबला की थांबायची, म्हणजे ती टेपवरचीच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दिवाणखान्यात टेपरेकॉर्डर लावला तेव्हा त्या घरातली वीज गाण्याबरोबर टेपवर उतरली होती. सॉफ्टवेअरने ती पुसता येते, पण आधी मी ती मोजून पाहिली. ती 50 वर नव्हती, 52 च्या जवळ होती. म्हणजे टेप उतरवताना यंत्र चार टक्के जोरात फिरलं होतं आणि गायकाचा षड्ज पुढच्या पट्टीच्या दिशेने निम्म्याहून जास्त वर चढला होता. त्या काळी आपल्या विजेची वारंवारताही वर-खाली होत असे, म्हणून हा पुरावा ढोबळच. पण चार टक्के हा त्या चढउताराच्या मानाने मोठा फरक होता. वेग तेवढा उतरवून ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्ता बुवांचा आवाज आला. आजवर कुणीतरी दुसराच गात होता." घुंघुं त्यांनी नंतर पुसू दिली नाही.

घरी बोलावणाऱ्यांना माझ्या एवढ्याच विनंत्या असतात. नवं काही मागवण्याआधी पॉज दाबून ऐका. चार्जर काढून ऐका. पंखा फुल करून ऐका. सगळं एका बोर्डवर आणून ऐका. एवढं करूनही आवाज राहिला, तर परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. दहाच्या वर निघाला तर गाण्याचं राहू द्या, आधी वायरिंग करून घ्या. आणि थ्री पिनची ती जाड पिन, कुणी कितीही सांगितलं तरी, कापू नका.